साडेतीन हात जागा

इंग्लंडच्या पश्चिम भागातील ब्रिस्टल शहराजवळ, स्टेपलटन ग्रोव्ह नावाच्या एका प्रशस्त घरात, २७ सप्टेंबर १८३३ रोजी मध्यरात्र उलटून गेल्यावर राजा राममोहन राय ह्यांनी देह ठेवला. पाहुणे म्हणून त्या घरी येऊन त्यांना जेमतेम तीन आठवडे झाले होते. शेवटच्या आठवड्यात त्यांना तापाने घेरले, डॉक्टरांचे उपाय थकले आणि साठीच्या आसपासचे ते थोर जीवन परक्या भूमीवर संपले. त्यांच्या उशापायथ्याशी बसलेल्या मंडळींत इंग्रज स्नेही होते, भारतातून बरोबर आलेले सेवक होते आणि राजांनी पोटच्या मुलासारखा वाढविलेला राजाराम होता. शोकाचा पहिला आवेग ओसरल्यावर ह्या सर्वांपुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहिला : राजांचा देह ठेवावयाचा कोठे?

ह्या प्रश्नाचे उत्तर राजांनी स्वतःच देऊन ठेविले होते. इंग्लंडात आपल्याला मृत्यू आलाच, तर आपल्यासाठी पूर्ण मालकीची एक लहानशी जमीन विकत घ्यावी, तिच्यात आपल्याला पुरावे आणि त्याच जमिनीवर एक झोपडीवजा घर बांधून त्यात एखाद्या गरीब पण सचोटीच्या मनुष्याला बिनभाड्याने राहू द्यावे, म्हणजे तो त्या जागेची राखण करील, अशी इच्छा त्यांनी आपल्या स्नेह्यांजवळ वारंवार बोलून दाखविली होती. ब्रिस्टलच्या मेरी कार्पेंटरबाईंनी राजांच्या इंग्लंडातील अखेरच्या दिवसांवर १८६६ मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात ही हकीकत नमूद आहे.

वरवर पाहता ही इच्छा साधीच वाटते. परंतु तिचे घटक सुटे करून पाहिले म्हणजे तिच्यातील दूरदृष्टी ध्यानात येते. जमीन पूर्ण मालकीची असावी, म्हणजे उद्या कोणी तेथून उठवू नये. ती स्वतंत्र असावी, म्हणजे कोणत्याही पंथाचा शिक्का तिच्यावर बसू नये. आणि तिच्यावर राखणदार असावा. तोही केवळ पगारी नोकर नव्हे, तर त्या जागेतच ज्याचा निवारा आहे असा. जागा, हक्क आणि निगा ह्या तिन्ही गोष्टींचा विचार त्या दोन ओळींच्या इच्छेत आलेला आहे. पुढील पावणेदोनशे वर्षांत त्या देहाचा जो प्रवास झाला, तो ह्या तीन गोष्टींपैकी कोणती साधली आणि कोणती राहून गेली ह्याचाच इतिहास होय.

राजांना असा विचार करावा लागला, ह्याची कारणे त्यांच्या परिस्थितीत होती. १८३० च्या नोव्हेंबरात ते कलकत्त्याहून निघाले आणि १८३१ च्या एप्रिलमध्ये लिव्हरपूलला उतरले. दिल्लीचे बादशहा दुसरे अकबर ह्यांचे गाऱ्हाणे विलायत सरकारपुढे मांडण्याचे काम त्यांच्याकडे होते. 'राजा' ही पदवीही त्या बादशहांनीच दिलेली. शिवाय सतीबंदीच्या कायद्याविरुद्ध सनातनी पक्षाने प्रिव्ही कौन्सिलकडे केलेल्या अर्जाचा निकाल व्हावयाचा होता. तो अर्ज १८३२ च्या जुलैमध्ये फेटाळला गेला. राजांनी आयुष्यभर ज्या रूढींशी झुंज दिली, त्यांचे कैवारी स्वदेशात डोळ्यांत तेल घालून त्यांच्या वर्तनाकडे पाहत होते. राजा ख्रिस्ती झाले, असे म्हणावयास त्यांना एखादे निमित्तच हवे होते.

हे केवळ लोकापवादाचे भय नव्हते. जातीतून किंवा धर्मातून बाहेर पडलेल्या मनुष्याचा मालमत्तेवरील आणि वारसाचा हक्क त्या काळी धोक्यात येत असे. हा दोष दूर करणारा १८५० चा एकविसावा अधिनियम होण्यास अजून सतरा वर्षे अवकाश होता. राजांचा देह ख्रिस्ती दफनभूमीत, ख्रिस्ती विधींनी पुरला गेला असता, तर त्याचा पुरावा म्हणून उपयोग करून कोणी त्यांच्या मुलांना न्यायालयात खेचले असते. मृत्यूनंतर राजांच्या देहावर यज्ञोपवीत आढळले, ह्याची नोंद त्यांच्या स्नेह्यांनी मुद्दाम केली आहे, तीही ह्याच पार्श्वभूमीवर वाचावयास हवी. दहनाचा मार्ग तर उपलब्धच नव्हता. दहन हा गुन्हा नव्हे असा निर्वाळा ब्रिटनमधील न्यायालयाने १८८४ मध्ये दिला, आणि त्यासंबंधीचा कायदा १९०२ मध्ये झाला. तेव्हा १८३३ साली इंग्लंडात मरण पावलेल्या हिंदू मनुष्याला भूमीवाचून गती नव्हती. आणि भूमी म्हटली की ती कोणाची, हा प्रश्न आलाच.

तो प्रश्न त्या वेळी यजमानीणबाईंच्या औदार्याने सुटला. स्टेपलटन ग्रोव्ह ज्यांच्या मालकीचे होते त्या कुमारी कॅसल ह्यांनी आपल्या बागेतील एल्म वृक्षांच्या छायेतील एक निवांत जागा देऊ केली. १८ ऑक्टोबर १८३३ रोजी, म्हणजे मृत्यूनंतर एकविसाव्या दिवशी, तेथे दफन झाले. कोणताही मंत्र म्हटला गेला नाही, कोणतीही प्रार्थना उच्चारली गेली नाही. थोडी मंडळी स्तब्ध उभी राहिली आणि शवपेटी खाली उतरविण्यात आली. राजांच्या इच्छेतील एक भाग अशा रीतीने पुरा झाला : जागा स्वतंत्र होती आणि तिच्यावर कोणत्याही पंथाचा शिक्का नव्हता. पण ती विकत घेतलेली नव्हती. ती सौजन्याने मिळालेली होती. सौजन्य हे देणाऱ्याच्या हयातीपुरते आणि मालकीपुरते टिकते. शिवाय ती खासगी बाग. भारतातून कोणी दर्शनाला आला, तरी फाटकाच्या आत पाऊल टाकण्यास मालकाची परवानगी हवी.

याच सुमारास इंग्लंडात दफनभूमीच्या प्रश्नाने गंभीर रूप धारण केले होते. तोपर्यंत गावचे मृत चर्चच्या आवारात पुरले जात. गावे लहान होती तोवर ही व्यवस्था पुरली. कारखान्यांच्या युगात शहरे भराभर वाढली, आवारे मात्र होती तेवढीच राहिली. जुन्या थडग्यांवर नवी थडगी रचली जाऊ लागली. लंडनमधील स्ट्रँड ह्या हमरस्त्याजवळच्या एनन चॅपेल नावाच्या प्रार्थनागृहाची कथा तर अंगावर शहारे आणणारी आहे. तेथील धर्मोपदेशकाने दफनाचा दर कमी ठेवून तळघरात प्रेते घेण्याचा सपाटा लावला. वर फळ्यांच्या जमिनीवर भाविक प्रार्थना करीत आणि खाली प्रेतांची रास वाढत जाई. तिची संख्या बारा हजारांच्या घरात गेल्याचा अंदाज त्या काळी मांडला गेला. डॉ. जॉर्ज वॉकर ह्या शल्यवैद्यांनी १८३९ मध्ये अशा जागांवर पुस्तक लिहून लोकमत जागे केले. एनन चॅपेलमध्ये ज्यांनी आपले आप्त सोपविले, त्या गरिबांनी किंमत तेवढी पाहिली होती. पैसे घेणाऱ्याजवळ जागा किती आहे, हे त्यांनी विचारले नव्हते, आणि विचारले असते तरी त्यांना खरे उत्तर मिळाले नसते.

ह्या दुरवस्थेतून एक नवा व्यवसाय जन्माला आला. भागभांडवल उभारून शहराबाहेर विस्तीर्ण जमीन घ्यावयाची, तिच्यात बाग फुलवावयाची, भिंत घालावयाची आणि तुकड्यातुकड्याने दफनाचा हक्क विकावयाचा. पॅरिसमधील पेर लाशेझ ही दफनभूमी १८०४ मध्ये सुरू झाली होती; तिचा आदर्श समोर होता. लंडनमध्ये १८३३ साली केन्सल ग्रीनची दफनभूमी उघडली. ब्रिस्टलमध्ये १८३७ च्या संसदीय कायद्यान्वये अशीच कंपनी स्थापन होऊन १८३९ मध्ये आर्नोज व्हेल ही दफनभूमी सुरू झाली. डोंगरउताराची रम्य जागा, ग्रीक धाटणीच्या कमानी व खांब, अधिकृत चर्चच्या अनुयायांसाठी एक आणि इतर पंथीयांसाठी दुसरे अशी दोन प्रार्थनागृहे, असा तिचा थाट होता. ह्या नव्या दफनभूमींनी एक मोठी सोय केली : पंथाची अट सैल झाली. पैसे भरले की कोणालाही जागा मिळू लागली, आणि विकत घेतलेला हक्क कायमचा, असे आश्वासनही मिळू लागले.

१८४२ साली द्वारकानाथ ठाकूर विलायतेस गेले. राममोहनांचे ते निकटचे सहकारी; कलकत्त्याच्या व्यापारी जगातील अग्रगण्य पुरुष. आपल्या मित्राची समाधी एका खासगी बागेत झाडाखाली पडून राहावी, हे त्यांना रुचले नाही. त्यांच्या पुढाकाराने व खर्चाने २९ मे १८४३ रोजी राजांची शवपेटी स्टेपलटन ग्रोव्हमधून काढून आर्नोज व्हेल येथे आणण्यात आली. तिच्यावर भारतीय पद्धतीची दगडी छत्री उभारण्यात आली. तिचा आराखडा विल्यम प्रिन्सेप ह्यांचा. कलकत्त्यात दीर्घकाळ राहिलेले हे गृहस्थ ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेप ह्यांचे बंधू. इंग्लंडच्या ग्रीक खांबांच्या आणि क्रूसांच्या गर्दीत ती बंगाली वळणाची छत्री आपले वेगळेपण राखून उभी राहिली. राजांच्या इच्छेतील दुसरा भाग, म्हणजे हक्काची जागा, दहा वर्षांनी का होईना, साधला असे सर्वांस वाटले.

राखणदाराच्या झोपडीची आठवण मात्र कोणाला झाली नाही. ते स्वाभाविकच होते. एवढी मोठी कंपनी, तिचे माळी, तिचे पहारेकरी. तेथे वेगळा राखणदार कशाला? खुद्द द्वारकानाथांचा शेवटही असाच झाला. दुसऱ्या सफरीत, १ ऑगस्ट १८४६ रोजी, ते लंडनमध्ये वारले आणि केन्सल ग्रीनमध्ये त्यांना पुरण्यात आले. त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांच्या आत त्यांची कार, टागोर आणि कंपनी ही पेढी बुडाली, आणि त्यांचे पुत्र देवेंद्रनाथ ह्यांना कर्जफेडीत कित्येक वर्षे घालवावी लागली. समाधीच्या नावाने निराळा निधी तोडून ठेवला नाही, तर ज्याच्या भरवशावर ती उभी आहे ते घरच डळमळते, ह्याचे हे बोलके उदाहरण होय.

दफनभूमी चालविणाऱ्या कंपनीचे गणित इतर कंपन्यांहून निराळे असते. दुकानदार माल विकतो आणि पुन्हा भरतो. दफनभूमीतील जागा एकदाच विकली जाते. ती पुन्हा विकता येत नाही, निदान तसे वचन दिलेले असते. जोवर जागा शिल्लक आहे, तोवर पैसा येत राहतो आणि भागधारकांना नफा मिळतो. जागा भरत आली की उत्पन्नाचा झरा आटतो. खर्च मात्र आटत नाही. भिंती पडतात, दगड कलतात, रान माजते, वाटा बुजतात. पहिल्या पिढीने घेतलेला पैसा पहिल्या पिढीनेच वाटून घेतलेला असतो, आणि 'कायम' ह्या शब्दाचे ओझे पुढच्या पिढीच्या माथी येते. इंग्लंडच्या संसदेलाही ह्या व्यवस्थेच्या मर्यादा लवकरच उमगल्या. १८५२ पासून दफनविषयक कायदे करून स्थानिक संस्थांना सार्वजनिक दफनभूमी काढण्याचे अधिकार देण्यात आले. परंतु आधी निघालेल्या खासगी दफनभूमी आपापल्या वाटेने चालत राहिल्या. लंडनमधील १८४० ची ननहेड ही दफनभूमी १९६९ मध्ये बंद पडली आणि १९७५ मध्ये स्थानिक परिषदेने ती अवघ्या एका पौंडास घेतली. शतकापूर्वी जिच्या एकेका तुकड्यासाठी लोकांनी पैसे मोजले, त्या सबंध भूमीचे हे मोल झाले. कारण तिच्याबरोबर केवळ कर्तव्येच उरली होती.

आर्नोज व्हेलवरही तीच पाळी आली. १९२८ मध्ये तेथे दहनगृहाची भर पडली आणि काही काळ उत्पन्नाला आधार मिळाला. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जागा भरली, झाडोरा माजला आणि इमारती ढासळू लागल्या. १९८७ मध्ये त्या वेळच्या मालकाने दफनभूमीचा मोठा भाग मोकळा करून तेथे बांधकाम करण्याचा बेत जाहीर केला. ज्यांचे वाडवडील तेथे पुरले होते, ते नागरिक खवळून उठले. सभा झाल्या, संघ स्थापन झाले, तक्रारी गेल्या. त्या लोकांजवळ विकत घेतलेल्या हक्काचे कागद होते. परंतु कागदावरील हक्क दफनाचा होता. सबंध जमिनीची मालकी दुसऱ्याची होती. दफनभूमीत जागा 'विकत घेतली' असे माणसे म्हणतात तेव्हा बहुधा जमीन विकत घेतलेली नसते, तिच्यात पुरण्याचा व स्मारक उभारण्याचा हक्क तेवढा घेतलेला असतो, हा भेद तेव्हा कित्येकांना प्रथमच कळला असेल.

प्रकरण दहा-अकरा वर्षे रेंगाळले. १९९८ मध्ये मालकाने फाटके बंद केली. तेव्हा सामान्य नागरिकांनी पाळ्या लावून ती उघडण्याचे, भेट देणाऱ्यांना सोबत करण्याचे आणि रान तोडण्याचे काम अंगावर घेतले. त्यांत कोणी निवृत्त होते, कोणी नोकरदार. मोबदला कोणालाच नव्हता. अखेर २००३ मध्ये ब्रिस्टलच्या नगरपरिषदेने कायद्याचा अधिकार वापरून ती भूमी सक्तीने संपादन केली आणि एका विश्वस्त संस्थेकडे कारभार सोपविला. पुढे सार्वजनिक निधीतून डागडुजी होऊन २०१० मध्ये जुन्या इमारती पुन्हा वापरात आल्या. राजांच्या छत्रीचा जीर्णोद्धारही ह्याच काळात, २००८ मध्ये, भारतीय देणगीच्या साहाय्याने पार पडला. राजांना जो एक राखणदार हवा होता, तो १८३३ मध्ये नेमला गेला नाही. दीडशेहून अधिक वर्षांनी त्याच्या जागी अनेक राखणदार, न बोलावता, आपण होऊन आले. मात्र असे राखणदार प्रत्येक दफनभूमीला लाभतातच, असा नियम नाही.

हा प्रश्न इंग्लंडपुरता नाही. फ्रान्समध्ये १८०४ च्या हुकुमाने कायम हक्काची थडगी देण्याची प्रथा पडली; पण १९२४ मध्ये कायदा होऊन, दीर्घकाळ बेवारशी पडलेली 'कायम' थडगीसुद्धा ठराविक कार्यपद्धतीनंतर परत घेण्याचा अधिकार नगरपालिकांना मिळाला. इंग्लंडात १९७७ च्या आदेशाने नगरपालिकांच्या दफनभूमीतील हक्काची मुदत एका वेळी शंभर वर्षांपुरती मर्यादित केली. दोन्ही देशांनी अनुभवाने एकच धडा घेतला : कोणत्याही संस्थेने अनंतकाळाचे वचन देऊ नये. गोव्यातील व मुंबईतील कित्येक चर्चच्या आवारांत काही वर्षांनी अस्थी उचलून भिंतीतील कोनाड्यात ठेवण्याची रूढी आहे. तिच्या मागेही जागा थोडी आणि माणसे फार, हाच हिशोब आहे. फरक इतकाच की तेथे तो आधीपासून सर्वांना ठाऊक असतो, आणि म्हणून त्यात फसवणूक नसते.

राजांची राखणदाराची कल्पना इंग्रजी वातावरणात नवखी वाटली, तरी भारतीय मनाला ती परकी नाही. आपल्याकडे संतांच्या समाधीला किंवा दर्ग्याला दिवाबत्तीसाठी जमीन इनाम देत. पुजारी, गुरव किंवा मुजावर त्या जमिनीचे उत्पन्न खाई आणि त्या बदल्यात दिवा लावी, झाडलोट करी. ज्याचे पोट त्या जागेवर, त्याचेच लक्ष त्या जागेवर, असे हे सरळ व्यवहारी सूत्र होते. औरंगजेब बादशहा १७०७ मध्ये अहमदनगरला वारला, तेव्हा त्याला खुलदाबादेस शेख जैनुद्दीन ह्यांच्या दर्ग्याच्या आवारात पुरण्यात आले. जेथे माणसांचा राबता आहे आणि सेवेकरी पिढ्यान्‌पिढ्या वसलेले आहेत, अशी ती जागा होती. राजकीय सत्ता बदलत गेल्या. दर्ग्यातील दिवा लावणारे हात बदलले नाहीत. राममोहन अशाच प्रथांच्या देशात वाढलेले होते. पूर्ण मालकीची जमीन ही कल्पना त्यांनी इंग्रजी कायद्यातून घेतली आणि राहता राखणदार ही कल्पना घरून आणली, असे म्हणावयास हरकत नाही.

म्हणून दफनासाठी जागा घेऊ पाहणाऱ्याने छाया, रस्ता आणि दर ह्यांच्या पलीकडे जाऊन तीन गोष्टींची चौकशी करणे इष्ट ठरते. जमीन कोणाची आणि आपल्या हाती पडणारा कागद जमिनीचा की केवळ हक्काचा? तो हक्क किती वर्षांचा आणि मुदत संपल्यावर पुढे काय? आणि शेवटची जागा विकली गेल्यानंतर, उत्पन्न थांबल्यावर, निगा कोण राखणार व कशाच्या बळावर? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दस्तऐवजात सापडतात. तिसऱ्याचे उत्तर दस्तऐवजात क्वचितच असते. त्यासाठी राखीव निधी आहे काय, तो स्वतंत्र विश्वस्तांच्या हाती आहे काय, हे पाहावे लागते.

मेरी कार्पेंटरबाई राजांना भेटल्या तेव्हा विशी ओलांडलेल्या तरुणी होत्या. पुढे साठीच्या उंबरठ्यावर, १८६६ पासून, त्यांनी भारताच्या चार सफरी केल्या आणि येथील स्त्रीशिक्षणासाठी खटपट केली. त्यांच्या पहिल्या भेटीनंतर लगेच, १८६७ मध्ये, मुंबईत प्रार्थनासमाजाची स्थापना झाली. बंगालमध्ये राजांनी सुरू केलेल्या धर्मसुधारणेचाच तो पश्चिमेकडील आविष्कार होता. १८७७ मध्ये कार्पेंटरबाई वारल्या आणि त्यांनाही आर्नोज व्हेलमध्येच जागा मिळाली. राजांच्या राखणदाराची इच्छा लिहून ठेवून त्यांनी ती पुढच्यांच्या ध्यानात आणून दिली, हीसुद्धा एक प्रकारची राखणच म्हटली पाहिजे. सप्टेंबरअखेर, राजांच्या पुण्यतिथीच्या सुमारास, त्या छत्रीपाशी माणसे जमत आली आहेत. त्यांनी उभे राहण्यासाठी तेथे भूमी उरली, ती ज्यांनी १९९८ मध्ये फाटके उघडी ठेवली त्या अनामिक नागरिकांमुळे उरली.